गुडघे फुटलेलं पोर

गुरं राखणाऱ्याला जखम वाचता येते. शिंग लागलेलं वेगळं, तारेच्या कुंपणाचा ओरखडा वेगळा अन् चाबकाचा वळ वेगळा. मालक काही का सांगेना, कातडी खरं सांगते. माणसाच्या लेकराचंही तसंच असतं, हे मला तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं दाखवलं.

शेजारच्या वस्तीवरलं दोन महिन्यांचं पोर माझ्याच जीपमधनं नेलं होतं. कान काळानिळा पडलेला. बाप म्हणाला, "कूस बदलताना पाळण्याच्या दांडीला लागलं." सिस्टर काही बोलली नाही. पोराला उजेडात घेतलं, अंगावरचं सगळं कापड सोडलं. कानामागं, मानेवर, पोटावर, ओठाच्या आतसुद्धा पाहिलं. ढुंगणावर निळसर डाग दिसला तसा मी दचकलो. ती म्हणाली, "काका, हा जन्मापासूनचा. पुष्कळ लेकरांना असतो, मोठं होईल तसा जातो." मग आईला बाजूला नेऊन वेगळं विचारलं. कधी लागलं? जवळ कोण होतं? यायला दोन दिवस का लावले?

बापाची गोष्ट एक निघाली, आईची दुसरी.

पुढं एकदा भेटली तेव्हा तिनं समजावलं, "रांगत्या-चालत्या पोराचं कपाळ, गुडघा, नडगी फुटते. ते खेळण्याचं. पण ज्याला अजून कूस बदलता येत नाही, ते स्वतःला काळंनिळं कसं करून घेईल? कान, मान, पोट, ह्या जागा साध्या पडण्यानं सहसा लागत नाहीत. रक्ताच्या आजारानंही असे डाग येतात, म्हणून रक्त तपासायचं, हाडांचे फोटो काढायचे. संशय आला म्हणजे कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण संशय गिळून लेकरू घरी धाडायचं नाही."

त्या पोराच्या फोटोत जुळत आलेली जुनी बरगडी दिसली. मग आईनंच तोंड उघडलं. 1098 ला फोन गेला, प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं गेलं, अन् पोर आईसकट आजोळी राहिलं.

गावात लोक म्हणाले, "बाईनं घरातली गोष्ट चावडीवर आणली." आणली, म्हणून पोर वाचलं. बोलता येत नाही त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायलाच हवं.

आता ते चार वर्षांचं आहे. आजीच्या मागं शेरडं हाकतं. गुडघे सदा फुटलेले असतात. ते बघून मला बरं वाटतं.