बाप्पा नक्की केव्हा येतो?

मुलांनो, साकीनाका पाहिलाय का तुम्ही? अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकीविहार रस्ता जिथे येऊन मिळतो, तिथला हा नाका. डोक्यावरून मेट्रो जाते (ती २०१४ साली सुरू झाली), तिच्याही वरून विमानं जातात आणि खाली रिक्षा, टेम्पो, हातगाड्या नि बसगाड्यांचा असा गुंता असतो, की रस्ता ओलांडला म्हणजे एक परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं! सहलीला येण्याजोगी ही जागा नव्हे, असंच तुम्ही म्हणाल. पण श्रावण सरत आला की मी पाहुण्यांना मुद्दाम इथे बोलावते. मातीच्या मूर्तीचा देव कसा होतो आणि कधी होतो, हे त्या दिवसांत इथे पायी फिरून बघता येतं.

चला तर, आधी गणपतीच्या कारखान्यात जाऊ. कारखाना म्हणजे मोठं धुराडं वगैरे काही नाही हं! बांबू आणि ताडपत्रीचा मांडव, आत फळ्यांवर रांगेने बसलेल्या मूर्ती, रंगाचा वास आणि कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ. काही मूर्ती पेणहून आलेल्या असतात. रायगड जिल्ह्यातलं पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठीच प्रसिद्ध आहे. भिंतीला पाट टेकवून ठेवलेले दिसतील. ज्यांनी मूर्ती ठरवली आहे, त्या घरांचे हे पाट. त्यांवर आडनावं लिहिलेली असतात.

आता कारागिराकडे नीट बघा. तो मूर्ती आडवी करतो, काखेत धरतो, सोंडेवरचा फुगवटा कानसने घासतो. जेवायची वेळ झाली की तिथेच बाजूला बसून वडापाव खातो. मूर्तीला कोणी नमस्कार करत नाही. सगळ्यांत शेवटी डोळे रंगवतात. त्याला 'आखणी' म्हणतात. हे काम नवशिक्याकडे देत नाहीत. हात हलला की नजर तिरकी झालीच! एकदा आखणी सुरू झाली, की मांडवातली बडबड आपोआप थांबते.

तीच मूर्ती चार दिवसांनी एखाद्या चाळीतल्या खोलीत पाटावर बसते आणि मग तिच्यासमोर चप्पल घालून कोणी उभं राहत नाही. जेवण आधी तिला, मग आपल्याला. माती तीच, रंग तोच. मग मधे घडलं काय? तर मधे प्राणप्रतिष्ठा झाली.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सकाळी गुरुजी येतात. साकीनाक्यासारख्या ठिकाणी गुरुजींची त्या दिवशी फारच धावपळ. एका घरची आरती संपते न संपते तोच मोटारसायकल पुढच्या गल्लीत. गुरुजी मिळाले नाहीत तर पूर्वी टेपरेकॉर्डरवर पूजेची कॅसेट लावत, आता मोबाइलवर पूजा लावतात. (कॅसेट मधेच गुरगुरायची, तेवढी भीती आता राहिली नाही.) सुरुवातीला संकल्प, कलशाची, शंखाची आणि घंटेची पूजा होते. मग पूजा करणारा आपला उजवा हात मूर्तीच्या छातीवर, हृदयाच्या जागी ठेवतो आणि मंत्र म्हटले जातात. त्यांचा अर्थ साधारण असा, की या मूर्तीत प्राण येवोत, जीव येवो. वाणी, मन, डोळे, कान ही सगळी इंद्रियं येवोत. त्यानंतर ॐकार पंधरा वेळा म्हणतात. पंधराच का? माणसाच्या जन्माआधीपासून त्याच्यावर एकेक संस्कार करतात ना, तसे मूर्तीचे पंधरा संस्कार या पंधरा ॐकारांत उरकून घेतात. आहे की नाही गंमत! मग दूर्वेचं टोक तुपात बुडवून मूर्तीच्या डोळ्यांना लावतात. कारागिराने रंगवलेले डोळे आता 'उघडले', असं मानायचं.

डोळे उघडताच पाहुणचार सुरू. यालाच षोडशोपचार म्हणतात, म्हणजे सोळा उपचार. या म्हणायचं, बसायला द्यायचं, पाय धुवायला पाणी, आंघोळ, कपडे, गंध, फुलं, धूप, दिवा, नैवेद्य... घरी मामा आले की आई जे करते, तेच की हे! फक्त आंघोळीला तांब्या ओतायचा नाही. दूर्वेने किंवा फुलाने पाण्याचे थेंब शिंपडायचे, नाहीतर शाडूचा बाप्पा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा नाही.

देवळातल्या दगडी मूर्तीचं काम याहून मोठं असतं, कारण ती कायमची बसणार. तिला आधी पाण्यात ठेवतात, धान्यात ठेवतात, निजवतात. यांना जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास अशी नावं आहेत. अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी रामाच्या बालमूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, ती तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. मैसूरचे अरुण योगिराज यांनी घडवलेल्या त्या ५१ इंची मूर्तीचे विधी सहा दिवस आधीपासून चालू होते. उलट काही देवांना हे काहीच लागत नाही. अष्टविनायकांच्या मूर्ती स्वयंभू मानतात. गंडकी नदीत सापडणारा शाळिग्रामही तसाच, त्यात देव आधीपासूनच आहे अशी श्रद्धा.

हे सगळं इतकं खुलवून सांगते आहे, त्याला कारण आहे. आमच्या चौथीतली एक मुलगी. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ती वडिलांबरोबर रिक्षातून गणपती आणत होती. पाट तिच्या मांडीवर. साकीनाक्याचे खड्डे तुम्हाला काय सांगावेत! रिक्षा आदळली आणि बाप्पाच्या आशीर्वादाच्या हाताचं बोट तुटलं. घरी आल्यावर शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "अरेरे, अपशकुन झाला गं बाई." झालं! पोरगी जेवली नाही. तिची आई तेव्हा दवाखान्यात होती, धाकटं भावंड व्हायचं होतं. आता आईला काही झालं तर ते माझ्यामुळे, असं तिने मनात धरलं, पण बोलली कुणाला नाही. नुसती बोट मुठीत धरून बसली होती.

तिच्या वडिलांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, "प्राणप्रतिष्ठा झाली का?" "नाही, उद्या आहे." "मग ती अजून मूर्ती आहे. दुसरी मिळते का बघा, नाहीतर कारागिराकडून बोट बसवून घ्या. आणि मुलीला आधी जेवायला घाला." रात्री नऊला बापलेक कारखान्यात गेले. कारागिराने ओल्या शाडूने बोट जोडलं, वाळवलं, रंग दिला. तिला ब्रश धरू दिला की नाही, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही, पण सोमवारी तिच्या नखात गुलाबी रंग होता.

पालकहो, हे तुमच्यासाठी. प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती दुखावली तर दुसरी आणावी, पूजा चालू असलेल्या दिवसांत भंगली तर दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिचं विसर्जन करावं, आणि उत्तरपूजेनंतर काही झालं तर त्याची चिंताच नको, असं जाणकार सांगतात. यात घाबरवण्यासारखं कुठेही काही नाही. मग मुलांना आपण का घाबरवतो?

उत्तरपूजा म्हणजे काय, ते राहिलंच की. निरोपाच्या दिवशी आरती झाली की मूर्तीवर अक्षता वाहतात, मूर्ती जागची जराशी हलवतात. बोलावलेल्या पाहुण्याला 'आता निघा, पुन्हा या' म्हणायचं. दह्याची शिदोरीही देतात. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस, जितकं बोलावणं तितकाच मुक्काम. उत्तरपूजा झाली की पाटावर पुन्हा माती आणि रंगच उरतो, म्हणून तर ती पाण्यात सोडता येते.

इथल्या पुष्कळ मूर्ती साकीविहार रस्त्याने पवईच्या तलावाकडे जातात. इंग्रजांच्या काळात मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा तलाव. त्याचं पाणी आता पीत नाहीत, पण त्यात मगरी आहेत बरं का! २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं, कारण प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही. शाडूची छोटी मूर्ती तर घरी बादलीतही विरघळते. आमच्या शाळेत मुलांनी एकदा छोटा गणपती बादलीत ठेवून घड्याळ लावलं होतं. आधी उंदीर गेला, मग सोंड.

विसर्जनाहून परतताना पाटावर चिमूटभर माती किंवा वाळू घेऊन येतात आणि ती घरात टाकतात. मग पाट धुऊन माळ्यावर. त्यावरचं आडनाव पाण्याने पुसट होतं, ते पुढच्या श्रावणात कारखान्यात नेताना पुन्हा गिरवायचं. आमच्या त्या मुलीच्या घरी हे काम आता तिच्याकडे आहे, आणि पाट धरायला धाकटा भाऊ असतो.