पुळ्याच्या वाळूतील एक वाद

२ फेब्रुवारी २०२० रोजी रविवार होता आणि प्रभूच्या समर्पणाचा सणही होता. पहाटे पाच वाजता मेणबत्त्यांचा आशीर्वादविधी व मिस्सा आटोपून आमच्या युवक मंडळाची बस गणपतीपुळ्याच्या वाटेला लागली. त्या काळी मी घाटावरच्या एका धर्मग्रामात सेवेत होतो. आंबा घाट उतरताना दरीतील धुके पाहण्यासारखे होते, परंतु ते पाहण्यास माझ्यावाचून व चालकावाचून कोणीही जागे नव्हते. आदल्या रात्री मँचेस्टर युनायटेड आणि वुल्व्हज यांचा सामना होता. आपल्याकडे तो रात्री अकराला सुरू झाला, एक वाजेपर्यंत चालला आणि एकही गोल न होता संपला. एवढ्यासाठी मुलांनी झोप घालवली होती. हातखंबा मागे टाकून निवळी फाट्याला बस चहासाठी थांबली तेव्हा कोठे त्यांची तोंडे उघडली, आणि उघडली ती भांडण्यासाठीच.

वाचकांना हे सांगावयास हवे की कोल्हापूरच्या फुटबॉलचे वारे आमच्या धर्मग्रामापर्यंत पोहोचलेले होते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे. परंतु कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत आणि शाहू स्टेडियमवर हजारोंनी गर्दी लोटावी, हा प्रकार महाराष्ट्रात तरी दुसरीकडे मी पाहिलेला नाही. सामना हरला की पेठेतील कट्ट्यांवर रात्री उशिरापर्यंत न्यायनिवाडा चालतो. आमच्या चर्चच्या मैदानावर खेळणाऱ्या संघात निम्मी मुले कॅथलिक, निम्मी शेजारच्या वस्तीतील. पुळ्याला पोहोचताच ती निम्मी मुले प्रथम देवळात दर्शनाला गेली, मागच्या डोंगराची प्रदक्षिणाही करून आली. तोवर आम्ही मालगुंडच्या बाजूला, गर्दीपासून दूर, वाळूत जागा धरली. पुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा सालस नाही. पाण्याच्या ओढीने तेथे अनेकांचे बळी घेतले आहेत. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, असा माझा सक्त नियम होता आणि त्यामुळे दिवसभर करण्यासारखे दोनच उद्योग उरले, खेळणे व वाद घालणे.

वाद दुहेरी होता. लाल जर्सी घातलेल्या मुलांचा विषय होता ओले गुन्नार सोल्शार. अकरा दिवसांपूर्वी, २२ जानेवारीला, युनायटेडचा संघ आपल्याच मैदानावर बर्नलीकडून ०-२ असा हरला होता. ज्या माणसाने २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात बायर्नविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल करून क्लबला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले, त्यालाच आता दार दाखवा, अशी मागणी त्याचेच चाहते करीत होते.

"फादर, त्याला काढल्याशिवाय जमणार न्हाई," एकाने मला बजावून सांगितले, जणू ते पत्र माझ्याच सहीने निघणार होते.

दुसरा विषय जवळचा होता. संघात एक मुलगा होता, त्याचे आजोळ मडगावचे. त्याचा जीव एफसी गोवा या संघात. त्या संघाने दोनच दिवसांपूर्वी, ३१ जानेवारीला, आपले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला होता. साखळीतील तीन सामने शिल्लक होते आणि संघ गुणतालिकेत पहिला होता! मुलगा अक्षरशः सुतकात होता.

"पयल्या नंबरावर असताना काढतात का रं कुणाला?" तो विचारी.

"नंबर काय चाटायचाय? नॉकआउटला येऊन हरतोयच की," गोलरक्षकाने उत्तर दिले.

तेही खोटे नव्हते. २०१८ मध्ये उपान्त्य फेरीत चेन्नईयिनकडून हार, २०१९ च्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून जादा वेळेत हार, तीही मुंबईकर राहुल भेकेच्या गोलने. उलट बाजूने असे सांगता येत होते की इतका देखणा, चेंडू पायात खेळवीत जाणारा खेळ भारतातील क्लबने क्वचितच केला असेल. कोरोमिनास लागोपाठ दोन हंगाम सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि २०१९ मध्ये सुपर कपही आला. क्लबच्या व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याची कुजबुज होती. कारण काहीही असो, चाहत्याला कोणी विचारीत नाही. तो फक्त तिकीट काढतो आणि रात्री झोप घालवतो.

तेवढ्यात गोलरक्षक माझ्याकडे वळून म्हणाला, "फादर, तुम्ही सांगा. टीम नीट चालत नसली तर कोचला काढायला पाहिजे का नको?"

आणि सगळे एकदम गप्प झाले. त्याच्याही ध्यानात आले असावे, कारण तो मान खाली घालून चेंडूवरची वाळू झाडू लागला.

त्या गप्प होण्याचे कारण सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी बिशपांना एक पत्र धाडले होते. सभागृहाची दुरुस्ती दोन वर्षे रखडली, पैशांचा हिशेब कळत नाही, फादर कोणाचे ऐकून घेत नाहीत, तरी त्यांची बदली व्हावी, अशा आशयाचे. त्याची एक प्रत तपकिरी पाकिटातून माझ्याकडेही आली होती. खाली एकतीस सह्या होत्या. चौथी सही गोलरक्षकाच्या वडिलांची होती.

मी वेळ मारून नेण्यासाठी फर्ग्युसन यांची कथा सांगितली. १९८६ च्या नोव्हेंबरात ते युनायटेडला आले. तीन वर्षांनंतरही संघ चाचपडतच होता. १९८९ च्या सप्टेंबरात शेजारच्या सिटीकडून १-५ अशी नामुष्की झाली, डिसेंबरात त्यांच्याच मैदानावर 'तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता पुरे' अशा अर्थाचा फलक झळकला. ७ जानेवारी १९९० रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धचा एफए कपचा सामना हरले तर ते गेलेच, असे सारे धरून चालले होते. मार्क रॉबिन्स नावाच्या तरुणाने एक गोल केला आणि सामना जिंकला. त्याच वर्षी तो चषकही मिळाला. लीगमध्ये मात्र संघ तेरावा आला. पहिले लीग विजेतेपद १९९३ मध्ये आले, आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी तेरा झाली.

"फादर, असला शंभरात एक," मडगावचे आजोळवाला म्हणाला. "बाकीचे नव्व्याण्णव काढले ते लक्षात कोण ठेवतंय?"

मुलगा चतुर होता. आपण वाचलेल्यांच्या कथा सांगतो आणि त्यांचेच पुरावे करतो, हा दोष त्याने अचूक पकडला. पुढे मी हॉलंडच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा, बास टेर वेल यांचा, २०११ चा अभ्यास वाचला. त्यांनी डच लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या तपासल्या. प्रशिक्षक बदलल्यावर निकाल सुधारतात हे खरे, परंतु तशाच घसरणीत सापडून ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही त्यांचेही निकाल तसेच सुधारतात. म्हणजे वाईट काळ संपतो, श्रेय मात्र नव्या माणसाच्या पदरात पडते.

हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, तरी त्याचा अनुभव मला होता. तोच मग मी मुलांना सांगितला. आजवर कोणाला सांगितला नव्हता.

दीक्षा होऊन मला जेमतेम एक वर्ष झाले होते. एका लहान धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली आणि फुटबॉल संघ माझ्याकडे आला. सेमिनरीत मी उजव्या बगलेवर खेळत असे, त्यामुळे आपल्याला खेळातले कळते असा समज होता. संघाचे प्रशिक्षक बोटीवरून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ होते. सारे त्यांना मास्तर म्हणत. दर शनिवारी संध्याकाळी ते स्वतः मैदानावर फक्कीच्या रेषा आखीत. त्या हंगामात संघ लागोपाठ चार सामने हरला. पालक आले, मंडळाची बैठक झाली, मास्तरांची पद्धत जुनी झाली असे सर्वांचे मत पडले. मी एक पत्र टंकलिखित केले. चार ओळींचे. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार वगैरे. ते मी साक्रिस्तानच्या हाती मास्तरांच्या घरी पाठवून दिले. स्वतः गेलो नाही. घर चर्चपासून पाच मिनिटांवर होते.

नवा तरुण प्रशिक्षक आला. पहिले दोन सामने जिंकले, आणि आमचा निर्णय किती योग्य होता हे सर्वांनी मला सांगितले. पुढचे पाच हरले. तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले की त्या वर्षी संघातील तीन उत्तम खेळाडू नोकरीसाठी गेले होते, दोन मुंबईला आणि एक आखातात. ही मोजणी आमच्या बैठकीत कोणीही केली नव्हती. आणि मैदानावर दर रविवारी सकाळी रेषा आखलेल्या असत. मला वाटे नवा प्रशिक्षक आखतो. त्याला वाटे मी कोणाला तरी सांगितले आहे. दोन महिन्यांनी एका शनिवारी आजाऱ्याला पवित्र कम्युनियन देऊन परत येत असता मी मास्तरांना फक्कीची बादली घेऊन वाकलेले पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी विचारले, "ते पत्र तुम्ही लिहिलंत की कमिटीनं?"

"मी," मी म्हणालो.

"टाइप केलेलं होतं, वाचायला बरं पडलं," एवढे बोलून ते चहा ठेवण्यास आत गेले.

वाळूत बसलेली मुले ऐकत होती. गोलरक्षकाने विचारले, "मग त्यांना ठेवायला पाहिजे होतं?"

"ते मला आजही ठाऊक नाही," मी म्हणालो. "कदाचित त्यांची पद्धत खरोखरच जुनी झाली असेल. पण मी पाच मिनिटे चालत जायला हवं होतं. आणि जाण्याआधी खेळाडू मोजायला हवे होते."

धर्मगुरूला दूर करण्याविषयी आमच्या कॅनन लॉमध्ये १७४० पासून पुढे काही कलमे आहेत. सेमिनरीत आम्ही ती घाईने वाचली. कोणाला वाटते, आपल्याला कधी लागणार! त्यांत असे म्हटले आहे की धर्मगुरूचा स्वतःचा गंभीर दोष नसतानाही त्याची सेवा निष्फळ किंवा हानिकारक ठरत असेल तर बिशप त्याला दूर करू शकतात. लोकांच्या मनातील दीर्घकाळचा दुरावा हेही एक कारण होऊ शकते. परंतु बिशपांनी आधी दोन धर्मगुरूंशी विचारविनिमय करावयाचा, मग त्या धर्मगुरूला कारणे सांगून समजवावयाचे, त्याचे म्हणणे ऐकावयाचे, आणि दूर केल्यावर त्याची दुसरी सोय करावयाची. पत्र मिळाल्यापासून ती कलमे मी पुन्हापुन्हा वाचीत होतो. प्रथम स्वतःच्या बचावासाठी वाचली, हे कबूल करतो.

परतीच्या प्रवासात, साखरप्याच्या पुढे, गोलरक्षक माझ्या शेजारी येऊन बसला.

"फादर, पप्पांनी पण सही केलीय."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला राग आला?"

"आला."

मग घाट संपेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

पुढचे सारे मुलांनीच मला वेळोवेळी कळवले. क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय माजी खेळाडूकडे संघाची सूत्रे गेली. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले, शेवटचा १९ फेब्रुवारीला जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात जमशेदपूरच्या संघात असल्याने आमच्या मुलांची निष्ठा त्या दिवशी दुभंगली होती. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लगेच उपान्त्य फेरीत पुन्हा चेन्नईयिनकडून हरला. लोबेरा मुंबई सिटीला गेले, आणि महामारीमुळे तो सबंध हंगाम गोव्यातच खेळला गेला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी अजिंक्यपद मिळवले. वाटेत उपान्त्य फेरीत त्यांनी हरवले ते एफसी गोव्यालाच. आता यातून कोण बरोबर होते ते सांगा! सोल्शारांच्या संघाने त्या वर्षी तिसरा क्रमांक मिळवला, आणि २१ नोव्हेंबर २०२१ रोजी, वॉटफर्डकडून ४-१ हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना काढण्यात आले.

आपल्या राष्ट्रीय संघाचेही तेच. २०२३ मध्ये सॅफ चषक जिंकल्यावर इगोर स्टिमॅच यांचा करार वाढवला, विश्वचषक पात्रतेत अपयश येताच १७ जून २०२४ रोजी त्यांना काढले आणि नुकसानभरपाई मोजली. नंतर मानोलो मार्केझ आले आणि गेले, मग खालिद जमील आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाचे दारही बंद झाले. त्या हिवाळ्यात तर लीगच वेळेवर सुरू होऊ शकली नाही. तरी चर्चा मात्र प्रशिक्षकाचीच. खेळाडू मोजण्याचे काम अजूनही कोणाच्या आवडीचे नाही.

माझ्या पत्राचे काय झाले? मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि चर्चेच बंद झाली. उन्हाळ्यानंतर बिशपांनी मला बोलावले, पत्र माझ्यासमोर ठेवून ओळीओळीने वाचले. त्यातील एक तक्रार पूर्णपणे खरी होती. चौदा महिने मी हिशेब फलकावर लावला नव्हता. तो लावला. सभागृह २०२१ मध्ये पुरे झाले, आणि २०२२ मध्ये नेहमीच्या क्रमाने माझी बदली झाली. निघण्याच्या दिवशी गोलरक्षकाचे वडील पुस्तकांच्या पेट्या टेम्पोत चढवावयास आले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

तो गोलरक्षक आता तेथील चौदा वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. लागोपाठ तीन सामने हरला होता आणि पालकांनी बैठक मागितली होती.

"कोणकोण खेळाडू गेले या वर्षी?" मी विचारले.

तो मोजू लागला.