दुधाच्या वहीतला डोमकावळा

चिपळूणला आमच्या आणि काकींच्या घरामध्ये एक गडगा आणि त्याला टेकून एक रायवळ आंबा. आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की मी काकींच्या ओटीवर. त्यांनी मला खाऊ काय काय घातलं त्याचा हिशेब होणार नाही. पण बघायला शिकवलं, ते ऋण मला नेमकं दाखवता येतं.

आंबे उतरवताना तांबड्या मुंग्यांची, पानं जोडून केलेली घरटी फांदीसकट खाली येतात. एका मे महिन्यात असंच एक घरटं अंगणात पडून फुटलं. गडी जेवायला बसले, तेवढ्यात एक डोमकावळा उतरला आणि थेट त्या घरट्यावर बसला. बसला कसला, पसरलाच. पंख अर्धवट उघडे, शेपटी पोटाखाली घेतलेली, चोच वासलेली. मुंग्या पिसांत शिरत होत्या आणि हा ढिम्म! मधेच एखादी मुंगी चोचीत धरून पंखाखाली घासायचा, तोल जाऊन कलंडायचा, की पुन्हा तसाच.

ओटीवर कुजबुज सुरू झाली. आपल्याकडे कावळा हा नुसता पक्षी नसतोच. पिंडाला शिवला तर बरं, डोक्याला शिवला तर वाईट; जोडी लागलेली दिसली तर स्वतःच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. कुणी म्हणालं विष खाल्लंय, कुणी म्हणालं पितर अडकलेत. एकीनं हाकलायला काठी उचलली, ती काकींनी काढून घेतली.

"त्याचं काय चाललंय ते संपू दे. मग बोला."

त्याचं संपलं. अंग झाडून तो विहिरीजवळच्या दोणीवर गेला आणि मनसोक्त न्हायला. काकींनी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: कावळा मुंग्यांवर निजला. आजारी नाही. नंतर न्हायला. मी विचारलं, "पण का?" त्या म्हणाल्या, "मला कळलं की लिहीन."

पुढे मुंबईला शिकताना कळलं, की दोनशेहून जास्त जातींचे पक्षी हे करतात. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांनी 1935 साली या वागण्याला नाव दिलं आणि लगेच 1936 मध्ये सालिम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात त्यावर टिपण लिहिलं. पक्षी अंगावरचे परजीवी घालवायला मुंग्यांना कामाला लावतात का, असा त्याचा मथळा. सुट्टीत धावत जाऊन मी काकींना सांगितलं, मुंग्या आम्ल फवारतात, त्यानं उवा मरत असतील.

"मेलेल्या उवा पाहिल्यात का कुणी?"

मी गप्प. मग म्हणाल्या, "बघ, त्या साहेबांनीसुद्धा प्रश्नच लिहिलाय."

त्यांची शंका पोकळ नव्हती. 2004 मध्ये अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा मुंग्यांच्या अंगात असतं तितक्या आम्लानं पिसांवरचे जंतू काही दबले नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेतल्या निळ्या 'जे' पक्ष्यांपुढे आम्लाची पिशवी काढलेल्या मुंग्या ठेवल्या, तर त्यांनी त्या बहुतेक पिसांना न घासताच खाल्ल्या. म्हणजे घासणं हे घास निवडून घेण्यासारखं. असेल. आमचा डोमकावळा मात्र बहुतेक मुंग्या तशाच टाकून न्हायला गेला होता, त्यामुळे मला हे उत्तर पुरत नाही.

सालिम अली बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि त्यांना आपले गुरू मानत राहिले. तसं काही मी काकींना म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्या हातात किटली देऊन मला दुधाला पिटाळलं असतं.