धाकट्या पंढरीत नवा कॅमेरा

गड म्हटलं की डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि तोफा उभ्या राहतात. पण आमच्या बीडच्या बाजूला गड म्हणजे किल्ला नव्हे, बरं का! इकडे संतांच्या उंचावरच्या ठाण्याला गड म्हणायची रीत आहे. गहिनीनाथगड, भगवानगड, नारायणगड, सगळे त्यातलेच. इथे कीर्तनं रंगतात, पंगती उठतात आणि एकादशीला टाळ-मृदंगाचा गजर होतो. त्यातल्या नारायणगडाला तर लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, अशी कितीतरी माणसं त्या दिवशी नारायणगडावर येऊन माथा टेकतात.

नगद नारायण महाराजांचं हे स्थान. आमच्या सासूबाई त्या नावाचा अर्थ आपल्या परीने सांगतात : “इथं उधारी नाही गं. मनापासून मागितलं की रोख मिळतं!” भगवानबाबांचं (१८९६–१९६५) साधनेचं आयुष्य याच गडावर सुरू झालं, पुढे त्यांनी वेगळा गड उभा केला, तोच भगवानगड. २०२४ च्या दसऱ्याला इथे मोठा मेळावा झाला आणि नारायणगडाचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. पण आम्हा बीडकरांना तो त्याआधीपासून घरच्यासारखा आहे. सकाळी डबा घेऊन निघावं, दर्शन घ्यावं, झाडाखाली बसून भाकरी-ठेचा खावा आणि दिवेलागणीला घरी यावं.

गेली तेरा वर्षं मी गडावर जाते आणि दर वेळी माझ्या खांद्याला कॅमेरा असतो. घर, शाळेतली अर्धवेळ शिकवणी आणि उरलेल्या वेळात फोटोग्राफी, असा माझा दिनक्रम. डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू, मंगळागौर ही माझी कामं. बायकांच्या कार्यक्रमात बाईच फोटो काढणारी असली की पदराची, केसांची चिंता न करता सगळ्या मोकळ्या होतात. ही काही आजची गोष्ट नाही. आपलं बीड निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादला खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढायला मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या बाई होत्या. पडद्यातल्या बायका निर्धास्त होऊन तिथे बसत असतील, नाही?

तर सांगायची गोष्ट अशी की, यंदा मी कॅमेरा बदलला. नुसता कॅमेरा नव्हे, कॅमेऱ्याचं घराणंच बदललं!

२०१२ साली मी जुना निकॉन डी-९० घेतला होता, पुढे डी-७५०. हाताला त्याची इतकी सवय की अंधारातही कोणतं बटण कुठे ते बोटांना ठाऊक. पण २०१८ पासून निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे मोठा मोर्चा वळवला आणि २०२० नंतर दोघींनीही आरशाचं नवं मॉडेल बाजारात आणलेलं नाही. शिवाय जुन्या कॅमेऱ्यात फोटो काढताना आरसा वर उडतो, त्याचा ‘खटक्’ आवाज होतो. बारशात पाळण्यातलं बाळ दचकतं आणि कीर्तनात पुढच्या रांगेतले वळून बघतात.

आता मैत्रिणींनो, घराणं बदलणं एवढं अवघड का, ते सांगते. एका कंपनीच्या मिक्सरवर दुसऱ्या कंपनीचं भांडं बसतं का? तसंच लेन्सचं आहे. निकॉनची लेन्स निकॉनवर, कॅननची कॅननवर. खरा पैसा कॅमेऱ्यात नसतो, तो वर्षानुवर्षं जमवलेल्या लेन्समध्ये अडकलेला असतो. फ्लॅशचंही तेच. १९८७ साली कॅननने लेन्स बसवण्याची जुनी पद्धत बंद करून नवी आणली, तेव्हा लोकांनी जमवलेल्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. फार नाराजी झाली होती. निकॉनने मात्र १९५९ सालची खाच पुढे कितीतरी वर्षं तशीच ठेवली. म्हणून तर मी निकॉनची होते!

मग कॅननकडे का वळले? कारण अगदी घरगुती आहे. माझी एक मैत्रीण आणि मी मोठी कामं जोडीने घेतो. तिच्याकडे कॅननच्या चार चांगल्या लेन्स आहेत. घराणं एक झालं तर दोघींना मिळून एकच संच पुरतो, भिशीसारखं! त्यात कॅननची एक सोय आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बुडापासून आतल्या पडद्यापर्यंत ४४ मिलिमीटर अंतर लागायचं. आरसा गेल्यावर नव्या कॅमेऱ्यात ते २० वर आलं. मधलं २४ मिलिमीटर भरून काढायला एक पोकळ कडं मिळतं. त्यात काच नसते. ते लावलं की तिच्या जुन्या लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर अगदी पहिल्यासारख्या चालतात. म्हणून मी वापरलेला कॅनन आर-६ घेतला.

“अहो, पटतंय ना?” मी विचारलं. हे म्हणाले, “चालती वस्तू बदलायची कशाला? पण काम तुझं, हात तुझा. तूच ठरव.” ठरवायला वेळही फारसा नव्हता. माझा निकॉनचा संच घ्यायला एक मुलगा तयार होता, त्याला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नव्या कॅमेऱ्याचे निम्मे पैसे त्यातूनच यायचे होते. आणि तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू! त्या गर्दीत हात चुकला तर दुसऱ्याच्या घरचा सोहळा परत थोडाच उभा करता येतो?

म्हणून मी ठरवलं, अनोळखी कॅमेरा ओळखीच्या जागी न्यायचा. जिथलं ऊन-सावली मला पाठ आहे, तिथेच त्याची परीक्षा. शनिवारी एकादशी होती. सासूबाईंना घेऊन आम्ही नारायणगडाला निघालो.

शहर मागे पडलं की माळरान सुरू होतं. काळा दगड, मधूनच कपाशीचं पांढरं रान, ज्वारीचे कोवळे पट्टे आणि बांधाबांधावर सीताफळीची झुडपं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ते पाटीभर विकणाऱ्या बायकांच्या आवाजानेच जास्त ओळखीचं! त्या दिवशी रस्त्याने पायी निघालेली माणसंही होती. पांढरं धोतर, खांद्यावर पताका, डोक्याला फेटा. बायकांच्या डोक्यावर तुळस.

पहिली परीक्षा उन्हाची. पांढरे कपडे आणि रापलेले चेहरे एकाच फोटोत आले की फोटोग्राफरची त्रेधा उडते. धोतर नीट यावं तर चेहरा काळवंडतो, चेहरा उजळावा तर धोतराची नुसती पांढरी फरशी होते. निकॉनवर मी अंदाजाने उजेड कमी करायची आणि मागे पडद्यावर बघायची. या नव्या कॅमेऱ्यात डोळा लावला की फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, कढीची चव वाढण्याआधी बघावी तसं. ही सोय मला फार आवडली. पण एक चुटपुटही लागली. जुन्यात आरशातून समोरचं माणूसच दिसायचं. इथे दिसतं ते माणसाचं छोट्या पडद्यावरचं चित्र. दोन तासांनी डोळे थोडे शिणले.

दुसरी परीक्षा हाताची. निकॉनची लेन्स बसवताना डावीकडे फिरवायची, कॅननची उजवीकडे. झूमची कडीही उलट्या दिशेची. दिंडी जवळ आली, मला ती जवळून हवी होती आणि हात सवयीने लांब करायला निघाला! सासरी आल्यावर वर्षभर मीठ आणि साखरेच्या डब्यांची जागा हाताला सापडत नाही, अगदी तसं. पण खरं सांगते, तासाभराने दहातले सात फोटो हात बरोबर वळून येऊ लागले. डोक्याला शिकवावं लागत नाही, हातालाच शिकवावं लागतं.

तिसरी परीक्षा मंडपात. गाभाऱ्यात मी कॅमेरा काढत नाही, ती माझी जुनीच शिस्त आहे. मंडपातही सेवेकऱ्यांना विचारलं, त्यांनी ‘काढा ताई’ म्हटलं, तेव्हाच हात लावला. कीर्तन चालू होतं. मी आवाज पूर्ण बंद केला. फोटो निघतात आणि कुणाला पत्ताही नाही! पण पडद्यावर बघते तो काय, फोटोत आडवे काळसर पट्टे. कारण असं की, हे दिवे आपल्या डोळ्यांना स्थिर दिसले तरी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात, आणि मूक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. मग वेग १/१०० वर आणला आणि पट्टे गेले. हळूहळू होणाऱ्या हालचालींना तेवढा वेग पुरतो. जिथे पुरत नाही, तिथे साधं शटर वापरावं. त्याचा आवाज आरशापेक्षा पुष्कळ हलका असतो.

आणि इथेच एक गंमत झाली. सासूबाईंचा स्वभाव असा की कॅमेऱ्याचा आवाज आला की त्या डोळे मिटतात. घरातल्या सगळ्या फोटोंत त्या झोपलेल्या! त्या दिवशी खांबाला टेकून बसल्या होत्या, ओठ अभंगाबरोबर हलत होते, एका हाताने गुडघा चोळत होत्या. मी चार फोटो काढले. बाहेर आल्यावर दाखवले, तर कितीतरी वेळ बघत राहिल्या. “ही मीच का? कॅमेरा मुका झाला म्हणायचा तुझा!” मग हळूच म्हणाल्या, “हा मोठा करून दे. माझ्यामागं भिंतीवर हाच लावा.” मला काही बोलायला सुचलं नाही.

मुका कॅमेरा सगळीकडे चालत नाही, हेही कळलं. पायरीवर सहाजणी नटूनथटून फोटोला उभ्या राहिल्या. मी काढले, पण आवाज नाही म्हणून त्या तशाच ताठ! “काढला का? काढला का?” शेवटी ‘झाला बरं का!’ असं तोंडाने सांगावं लागलं, तेव्हा कुठे हसल्या.

संध्याकाळपर्यंत बॅटरीने दम सोडला. डी-७५० एका बॅटरीवर हजारावर फोटो सहज काढायचा, याचे साडेतीनशे-चारशेत प्राण कंठाशी. दुसरी बॅटरी जवळ होती म्हणून निभावलं. वजन मात्र दीडशे ग्रॅमने कमी. ऐकायला थोडं वाटतं, पण दिवसभर मानेला अडकवून बघा!

सोमवारी मी निकॉनचा कॅमेरा, दोन लेन्स आणि फ्लॅश देऊन टाकले. एक लेन्स ठेवली. शिकवणीच्या पहिल्या पैशातून घेतलेली, ५० मिलिमीटरची साधी जुनी. तिच्यावर उजेड कमीजास्त करायची कडी असल्याने स्वस्तातलं कडं लावून ती कॅननवरही चालते. फोकस तेवढा हाताने करायचा. आईकडचं एखादं पातेलं आपण नव्या स्वयंपाकघरातही ठेवतोच की!

ज्या भगिनी हौसेने किंवा मिळकतीसाठी फोटो काढतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी :

घराणं बदलण्याआधी आपल्याजवळच्या सगळ्या लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर कागदावर लिहून काढा. नव्याचा हिशेब त्या यादीवर करा, एकट्या कॅमेऱ्याच्या किमतीवर नको.

जुना संच विकण्याआधी नवा एक दिवस ऊन, अंधार आणि धावती माणसं अशा तिन्ही ठिकाणी वापरा. मोठं काम घेण्याआधी पंधरा दिवस रोज घरात वापरा. मुलं आणि मांजर याहून चांगली परीक्षा नाही.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की आतला पडदा थेट उघड्यावर येतो. आपल्याकडच्या फुफाट्यात लेन्स बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला.

आणि दोन बॅटऱ्या हव्यातच.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. अवजड स्पीड ग्राफिक आणि सुटसुटीत रोलिफ्लेक्स, दोन्ही कॅमेरे त्यांनी हाताळले. आज लोक त्यांचे फोटो बघतात, तेव्हा कोणत्या कॅमेऱ्यातून निघाले हे कितीजण विचारतात?

नारायणगडाला यायचं असेल तर बीड गाठावं. २०२५ च्या सप्टेंबरपासून अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही धावू लागली आहे. गर्दी सोसत असेल तर एकादशीला या, निवांतपणा हवा असेल तर आडवारी. पाणी, टोपी आणि भाकरी बरोबर असू द्या. फोटो विचारून काढा आणि ज्यांचा काढलात त्यांना जमलं तर छापून पाठवा. पायरीवरच्या त्या सहाजणींचा फोटो मी छापून ठेवला आहे. पुढच्या एकादशीला त्यांच्या हातात द्यायचा आहे.