गोवर्धनची ठेव

नाशिकच्या सुला वायनरीचा उत्सव, सुलाफेस्ट, खरा रंगतो दुपार कलल्यावर. म्हणून फेब्रुवारीतली ती गार सकाळ मी पांडवलेण्यांना दिली. मुंबई-आग्रा महामार्गालगतचा हा डोंगर. शिलालेखांत त्याचं नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढून वर आलं की चोवीस लेणी एका रांगेत भेटतात. मी थांबलो दहाव्यापाशी. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं, आणि ओसरीच्या भिंतीवर त्या दानाचा चोख हिशेब कोरून ठेवला.

तो हिशेब मला कोणत्याही शिल्पाइतकाच सुंदर वाटतो. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, 2000 कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेव ठेवली, व्याज महिना शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज 240 होतं, आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. एका कार्षापणाचाही फरक नाही. राजघराण्यातला माणूस पैसा ठेवतो तो गावातल्या कारागिरांच्या संघटनेवर भरवसा टाकून.

याच ओसरीतला दुसरा लेख सांगतो की उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच. त्या बंदरात काय उतरत होतं, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने ‘पेरिप्लस’ या ग्रंथात नोंदवलं आहे, आणि त्या यादीत इटलीची वाइन आहे. तिथल्या राजाचं जे नाव तो देतो, ते नहपानाचंच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. सतराव्या लेण्यात तर इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा, म्हणजे ग्रीकाचा, दानलेख आहे. परदेशी माणसं आणि परदेशी द्राक्षरस, दोघांनाही हा मुलूख दोन हजार वर्षांपूर्वी अनोळखी नव्हता.

डोंगर उतरून गंगापूर रोडला लागलो. सोमेश्वर मागे पडलं, पुढे धरणाचं पाणी चमकू लागलं. 1965 साली पूर्ण झालेलं हे गंगापूरचं मातीचं धरण. सुलाची बाग याच परिसरात आहे, आणि गावाचं नाव गोवर्धन. सकाळी दगडात वाचलेलं नाव दुपारी रस्त्यावरच्या पाटीवर दिसलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबलो.

सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथल्या घरच्या जमिनीवर आले. 1997 साली त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, 2000 साली पहिली वाइन बाजारात आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभाच्या, नावावरून. 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, करसवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. 2008 साली सुरू झालेला सुलाफेस्ट कोरोनानंतर काही वर्षं बंद होता; 2025 साली पुन्हा भरला.

उतारावरच्या खुल्या रंगमंचावर गाणं चालू होतं. पलीकडे लाकडी पिंपात मुलंमुली द्राक्षं तुडवत होती, पोटऱ्यांपर्यंत जांभळी झाली होती. मी शेनिन ब्लाँ घेतली. थंड, किंचित गोडसर, उन्हाच्या चटक्यावर बरी लागणारी.

पण दिवस लक्षात राहिला तो शेजारी बसलेल्या दिंडोरीच्या एका बागायतदारांमुळे. ‘‘दादा, आमची वेल झोपतच नाही,’’ ते म्हणाले. युरोपात थंडी वेलीला विश्रांती देते. इथे ते काम कात्री करते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. तो फुगवायला घड औषधात बुडवावे लागत नाहीत, निर्यातीच्या द्राक्षासारखं रूप जपावं लागत नाही. डावणी-भुरीसारखे रोग आणि अवकाळी पाऊस मात्र त्यालाही सोडत नाहीत. 2008च्या मंदीनंतर वायनऱ्यांची मागणी आटली, तेव्हा जिल्ह्यात कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. हे सांगताना ते पेल्याकडे नाही, मांडवाकडे बघत होते.

मला वाटतं, नाशिकच्या वाइनची गोष्ट आपण बाटलीपासून सांगायला लागतो, तिथेच चुकतो. इथल्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे मान या मातीला आणि हवेला आहे. मग त्या मातीत राबणाऱ्याचा करारही उषवदाताच्या ठेवीइतकाच पक्का हवा. गोवर्धनच्या विणकरांना ठेवीची रक्कम आणि व्याजाचा दर आधीच ठाऊक होता, दगडात कोरलेला. बागायतदाराला छाटणीच्या वेळीच तोडणीचा भाव लेखी कळला पाहिजे, आणि बाजार पडला तरी तो पाळला गेला पाहिजे.

तुम्ही उत्सवाला जाणार असाल तर परतीला गाडी चालवणारा आधी ठरवा, आणि सकाळी लवकर निघून आधी त्रिरश्मी चढा. दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं नीट पाहा. गोवर्धनचं नाव तिथे आहे.