गुलमर्गचा बेत आणि बोदलकशाची वाट

थंडी पडूं लागली, कीं आमच्या नागपूरच्या घरांत प्रवासाच्या गोष्टी निघतात. गेल्या हिवाळ्यांत घरांतील तरुण मंडळींनीं जो बेत काढला, तो मात्र आजवरच्या सर्व बेतांहून धाडसाचा होता. काश्मिरांत गुलमर्ग येथें जाऊन बर्फावर स्कीइंग शिकावयाचें, आणि तेंहि विमानानें न जातां घरच्या मोटारीनें!

बेत अगदींच हवेंतला नव्हता. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आमच्या नागपुरावरूनच जातो. शिवनी, सागर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, जम्मू या वाटेनें सुमारें एकोणीसशें किलोमीटर गेलें, कीं श्रीनगर. बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा २०२१ सालीं खुला झाल्यापासून पीरपंजाळ ओलांडणेंहि पूर्वीइतकें बिकट राहिलेलें नाहीं. गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनीं स्कीइंगचा क्लब काढला तो १९२७ सालीं. आणि १९९८ व २००५ या सालीं दोन टप्प्यांनीं सुरू झालेला तारेवरचा पाळणा आज माणसांस ३,९०० मीटरांहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो. ही सर्व माहिती आमच्या पुतण्यानें तोंडपाठ केली होती.

आम्ही कागद घेऊन हिशेबास बसलों. रोज पांचशें किलोमीटर धरले, तरी जाण्यास चार दिवस व येण्यास चार दिवस. टनमर्गच्या पुढील चढावर बर्फ असेल, तर चाकांस सांखळ्या बांधाव्या लागतात. हिमवर्षाव जोराचा झाला, तर महामार्गच बंद होतो; आणि मुळींच झाला नाहीं, तर एवढें जाऊन पाहावयाचें काय? जानेवारी २०२४ मध्यें गुलमर्गचे उतार बर्फावांचून उघडे पडले होते, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ठरलेल्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावीं मार्चपर्यंत पुढें ढकलाव्या लागल्या. बर्फ हा कांहीं निमंत्रण धाडल्यावर येणारा पाहुणा नव्हे!

तथापि खरी अडचण रस्त्याची नव्हती. लोकरी कपड्यांची यादी करतांना आमच्या ध्यानांत आलें, कीं यादींत नांवें आठ आहेत आणि घरांत माणसें नऊ. राहिलेलें नांव आमच्या मातोश्रींचें. त्यांचें वय ऐशीं, छातीचा विकार जुना. त्यांना ऐन थंडींत इतक्या उंचीवर नेऊं नये, असें डॉक्टरांनीं पूर्वींच बजावलें होतें. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, आणि त्यांनींहि तक्रार केली नव्हती. "तुम्ही सारीं जा. देवापाशी दिवा लावायला कुणीतरी घरी हवंच," एवढेंच त्या म्हणाल्या. तें ऐकून आम्हां सर्वांस मनांतून हायसें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. त्या हायसें वाटण्याचीच मग रात्रीं लाज वाटूं लागली.

दुसरे दिवशीं धाकट्या पुतणीनें सहज विचारलें, "आजी, तुला कुठं जावंसं वाटतं ग?"

"मला?" त्या जरा थांबल्या. "बोदलकशाला."

मातोश्रींचें माहेर तिरोड्याचें. दहा वर्षांच्या असतांना पौष महिन्यांत वडिलांबरोबर छकड्यांतून त्या बोदलकशाच्या तलावावर गेल्या होत्या. पाण्याकाठीं तांबूस-पिंवळे पक्षी बसले होते. वडील म्हणाले, "हे हिमालयापलीकडून आले आहेत, बरं का." मुलीस तें खोटें वाटलें, आणि तिनें तसें तोंडावर म्हटलें. वाटेंत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. पुढील वर्षीं वडील वारले. "तेवढं भांडण मिटायचं राहूनच गेलं," मातोश्री म्हणाल्या.

पुस्तकें काढलीं गेलीं. तो पक्षी म्हणजे ब्राह्मणी बदक, आपल्या संस्कृत काव्यांतला चक्रवाक. लडाख, तिबेट येथील उंच सरोवरांच्या प्रदेशांत त्याची वीण होते व हिवाळ्यांत तो आपल्या मैदानांत उतरतो. त्याच प्रदेशांतून येणारा पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडतांना ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. पुतण्या बराच वेळ वाचीत होता. मग काश्मीरचा नकाशा त्यानें आपल्याच हातांनीं घडी करून ठेवला.

अशा रीतीनें जानेवारींत एके सकाळीं धुकें निवळल्यावर आम्ही नऊही माणसें निघालों. उत्तरेचा रस्ता सोडून पूर्वेस वळलों. भंडारा, मोहाडी, तुमसर, पुढें माडगीजवळ वैनगंगा ओलांडून तिरोडा. तेथील औष्णिक विद्युत्केंद्राच्या उंच चिमण्या मातोश्रींनीं अनोळखी नजरेनें पाहिल्या. त्या मागें पडल्यावर धानाचीं कापलेलीं बांध्यांचीं शेतें, मग टेकड्या व साग-ऐनाचें रान लागलें, आणि अवचित पाणी दिसलें.

बोदलकशाचें धरण मातीचें, १९१७ सालचें. हा मुलूखच तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेले शेंकडों तलाव भंडारा व १९९९ सालीं त्यांतून निघालेल्या गोंदिया जिल्ह्यांत आजही धानास पाणी देतात, आणि त्याच पाण्यावर हिवाळी पांखरें उतरतात. जवळच नागझिऱ्याचें अभयारण्य आहे. २०१३ पासून तें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. या भागांतील रानें व पक्षी मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले, ते मुख्यतः २०२५ सालीं निवर्तलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळें.

बांधावर खुर्ची मांडून मातोश्रींस शालींत गुंडाळून बसविलें. दुर्बिणींतून त्यांना कांहीं केल्या दिसेना. पुतण्यानें मागें उभें राहून ती धरली. बराच वेळ नुसतें पाणी, एक पाणकावळा, दूरवर टिबुकल्या. उन्हें कलतां कलतां पलीकडच्या कांठावर दोन तांबूस ठिपके हलले, आणि पाण्यावरून "आंग् आंग्" असा अनुनासिक स्वर आला.

"तेच ते," मातोश्री म्हणाल्या. मग अगदीं हळू, "खरं होतं हो बाबा तुमचं."

कोणीं कांहीं विचारलें नाहीं. काळोख पडण्यापूर्वीं रानांतला रस्ता ओलांडावयाचा होता, म्हणून आम्हीच त्यांना उठविलें.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मुक्कामाची सोय आगाऊ निश्चित करावी, पेट्रोल तिरोड्यासच भरून घ्यावें, भडक कपडे टाळावे आणि लहान मुलांस पाण्याकडे दगड फेंकूं देऊं नये. गुलमर्गचा बेत आम्हीं सोडलेला नाहीं. पुढील हिवाळ्यांत तरुण मंडळी जातील. आम्ही दोघें मातोश्रींपाशीं राहूं. तेथें चक्रवाक कोठून उडतात तें विचारून या, असें त्यांनीं नातवास आतांच बजावून ठेवलें आहे.