चाळीसचे तीन कुठे झाले?

आमच्या गावाला यायचं तर गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी पकडायची आणि अर्जुनीला उतरायचं. पुढे सडक. एका अंगाला नवेगावचं जंगल, दुसऱ्या अंगाला इटियाडोह धरणाचा कालवा. कालवा पुस्तकातला, आम्ही त्याला नहर म्हणतो. मधे धानाच्या बांध्या, कवेलूची घरं, आणि आता खांबाखांबांवरून गेलेली एक काळी, करंगळीहून बारीक तार. आजची आपली सफर त्या तारेची, बरं का!

सफरीचं कारण एक भांडण. माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी शेजारी राहतात. दोघांच्या घरी एकाच कंपनीचं इंटरनेट, एकच योजना : चाळीस एमबीपीएस. पैसेही सारखेच. पण मुलाकडे नवोदयच्या परीक्षेचा फॉर्म झटकन उघडला आणि मुलीकडे चाक नुसतं गरगर फिरत राहिलं. मुलीची आजी सरळ शेजारच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "तुम्ही आमचं नेट ओढता जी!"

आजीचं तरी काय चुकलं? रोवणीच्या दिवसांत रात्री कोणी धुरा फोडून शेजाऱ्याच्या बांधीतलं पाणी ओढतो, हे तिने जन्मभर पाहिलेलं. आठ दिवस दोन्ही घरांची बोलाचाली बंद. वर्गातही ती दोघं दोन टोकांना बसू लागली. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी अकरा मुलं आणि शाळेचा लॅपटॉप घेऊन निघालो.

आधी आजीचं घर. ओसरीला लागून असलेल्या खोलीत ती दिवे लुकलुकणारी पेटी होती, म्हणजे राउटर. लॅपटॉप वायरने पेटीला जोडून वेग मोजला : अडतीस. मोबाइल पेटीजवळ धरून मोजला : पस्तीस. मग मुलगी जिथे अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत गेलो. तीन!

"सर, बाकीचे काहून गायब झाले जी?" एकाने विचारलं. मी म्हटलं, आलेल्या वाटेने परत जा आणि वाटेत काय काय लागतं ते सांग. त्याने मोजलं : दीड हात जाडीच्या दोन मातीच्या भिंती, आणि अगदी पेटीला चिकटून उभी असलेली धानाची पत्र्याची भलीमोठी कोठी. सापडला चोर! वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. पत्र्यावर आदळून त्या परत फिरतात, आरशावरून उजेड फिरतो तशा. जाड, ओलसर भिंत त्यांना पिऊन टाकते. लहरींचे सहसा दोन प्रकार असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून जरा लांबवर जातात, पण वेगाने कमी. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण भिंत आली की लवकर थकतात.

पेटी काढून दाराच्या वरच्या फळीवर ठेवली. मागच्या खोलीत बावीस आले. आजी शेजाऱ्यांना काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र भाजीची एक वाटी कुंपणावरून पलीकडे गेली, असं मुलं सांगत होती.

गंमत बघा. २००४ साली सरकारी धोरणाप्रमाणे सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाले आणि जानेवारी २०२३ पासून २ मेगाबिट. म्हणजे कागदावर पाहिलं तर आजीच्या मागच्या खोलीतले तीनही ब्रॉडबँडच होते!

मग मुलाचं घर. तिथे सगळं छान, पण त्याची तक्रार वेगळी : "सर, रात्री आठ वाजता नऊवर येते." घरातलं कोणी तेव्हा काही पाहत नव्हतं. म्हणजे अडचण घराबाहेर. आम्ही तारेमागे निघालो. चिखल होताच, पण मुलांना चिखलाचं काय!

तिसऱ्या घरी तार भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडून वर खिळा ठोकलेला दिसला. ही तार तांब्याची नाही, आत केसासारखा काचेचा धागा आहे आणि त्यातून उजेड धावतो. धागा फार वाकवला की उजेड बाहेर गळतो. त्या घरचं नेट 'कधी असते, कधी नसते' हे गावाला ठाऊक होतं, कारण आज कळलं. खिळा आम्ही काढला नाही, तारवाल्या दादाला निरोप दिला.

पुढे खांबावर एक पेटी. एक धागा तिच्यात येतो आणि बत्तीस घरांना वाटला जातो. इथे मी मुलांना नहरेचं उदाहरण द्यायला निघालो आणि फसलो. नहरेच्या तोंडाशी बांधी असलेल्याला आधी पाणी, शेंड्यावरचा वाट बघतो. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट यायचं तेव्हा तसंच होतं. एक्सचेंजजवळच्या घराला वेग, चार-पाच किलोमीटरवरच्याला रडकुंडी. पण काचेच्या धाग्यात उजेड वीस किलोमीटर सहज जातो. गावाच्या या टोकाला काय आणि त्या टोकाला काय, सारखंच!

मग वाटणीत कमी पडतं का? मुलांनी तिथेच भागाकार केला. अशा धाग्यावरून सेकंदाला साधारण २,५०० मेगाबिट येतात. भागिले ३२. अठ्ठ्याहत्तर! सगळी घरं एकदम बसली तरी चाळीसाहून जास्त. म्हणजे रात्रीची चिंचोळी जागा या खांबावर नाही. ती याच्या मागे कुठेतरी, जिथे कितीतरी गावांचं मिळून एकच दार आहे आणि जेवणानंतर सगळे एकदम त्या दाराशी येतात. तिथपर्यंत आम्ही चालत जाऊ शकत नव्हतो. मुलाला म्हटलं, फॉर्म सकाळी भरत जा.

शेवटचा खांब ग्रामपंचायतीजवळ. तार तिथेच संपते.

वर्गातली आणखी एक मुलगी दिवसभर आमच्याबरोबर होती, सगळ्या घरांचे आकडे वहीत तीच लिहीत होती. तिचं घर नाल्यापलीकडच्या टोलीवर. तिने वही मिटली आणि हळूच म्हणाली, "आमच्या टोलीचा आकडा काय लिहू जी?"

टोलीवर तार नाही. मोबाइलचा टॉवर लांब, मधे टेकडी आणि पावसात भिजलेलं दाट रान. ओल्या पानांतूनही लहरी थकतातच. पेटी कुठे हलवणार? पेटीच नाही. तिचाही फॉर्म राहिला होता आणि मुदत सोमवारपर्यंत होती. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवला होता.

ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून आम्ही फॉर्म भरला. फोटो चढला, सही चढली, दाखला दोनदा अडकून तिसऱ्यांदा चढला. तोवर सव्वापाच झाले होते. नाल्याला पाणी वाढायच्या आत तिला पोचवायचं म्हणून मी तिला गाडीवर मागे बसवलं. वही तिच्या मांडीवर होती. टोलीपुढची जागा तिने कोरी ठेवली होती.